उजव्या विंगेतून

एका व्यावसायिक नाटकाचे मी 143 प्रयोग केले आणि ते नाटक मी अजून धड पाहिलेलं नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं, मी काहीतरी आध्यात्मिक बोलतोय. तसं काही नाही. मी प्रॉपर्टी सांभाळायचो. उजव्या विंगेत, पत्र्याच्या ट्रंकेवर बसून. तिथून अर्धा सोफा दिसायचा, नायकाच्या वडिलांची पाठ दिसायची आणि समोरच्या विंगेत एंट्रीची वाट बघत नाक खाजवणारा वकील दिसायचा. दुसऱ्या अंकात नायिका रडते तेव्हा प्रेक्षक हेलावून जातात असं मी ऐकून होतो. मला त्या वेळी तिचा फक्त डावा कान दिसायचा. कानाला रडता येत नाही.

बी.कॉम. झालो होतो, नोकरी लागत नव्हती. आत्याच्या यजमानांची एका नाटकाच्या सूत्रधारांशी ओळख निघाली. संस्कृत नाटकातला सूत्रधार नांदी झाली की रंगमंचावर येऊन नटीशी गोड बोलतो. नाटकाच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत ज्याचं नाव असतं तो सूत्रधार वेगळा. तो तारखा मिळवतो, टेम्पोवाल्याशी भांडतो, प्रत्येकाची नाईट पाकिटात घालून देतो आणि प्रमुख नटाला ‘बुकिंग थंड आहे’ व निर्मात्याला ‘बुकिंग चांगलं आहे’ असं एकाच फोनवरून पाठोपाठ सांगतो. मला त्यांनी एवढंच विचारलं, “चहा करता येतो?” मी म्हटलं, “येतो.” “मग झालं. नाटकात सात वेळा चहा होतो.”

मराठी कौटुंबिक नाटकात माणसं एक तर चहा पितात, नाही तर घर सोडून जातात. दोन्हींची सोय प्रॉपर्टीवाल्याला बघावी लागते, कारण कपबशाही त्याच्याच आणि सुटकेसही त्याचीच. स्टेजवरची व्हिस्की म्हणजे गाळून गार केलेला कोरा चहा. स्टेजवरचा चहा मात्र खराच लागतो. कप रिकामा असला की नट तो असा घटाघट पितो की खरा असता तर जीभ भाजून बोंबलत आत आला असता. सुटकेसचंही तसंच. रिकामी सुटकेस एका बोटाने उचलली जाते, आणि नायिका कायमची माहेरी निघाली आहे की कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला, हे कळेनासं होतं. मी तिच्यात जुने दिवाळी अंक भरायचो. नायिकेने एकदा तक्रार केली की फार जड होते. दिग्दर्शक म्हणाले, राहू दे, पहिल्यांदाच चेहऱ्यावर दुःख दिसलं.

मराठी रंगभूमीची गोष्ट 1843 साली सांगलीत, विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवरा’पासून सुरू करायची पद्धत आहे. त्या काळातल्या पौराणिक नाटकांत राक्षस ‘अलल् डुर्र’ अशी आरोळी ठोकत यायचा आणि त्याच वेळी मशालीवर राळेची पूड फेकून भपकन जाळ काढायचे. नाटककारांची चरित्रं झाली, राजे-राण्यांच्या भूमिका करणाऱ्यांची वर्णनं झाली. पण तो जाळ ‘डुर्र’च्या आधी नाही, नंतर नाही, बरोबर ‘डुर्र’ला, आणि राक्षसाच्या मिशा जळणार नाहीत इतक्या अंतरावरून काढणारा कोणी तरी होता की नाही? तो आम्हा सगळ्यांचा मूळ पुरुष. त्याच्या नावाची नोंद नाही, म्हणजे मिशा कधी जळल्या नसाव्यात.

आमच्याकडे राळ नव्हती, मामा होते. प्रत्येक नाट्यसंस्थेत सेट लावणारे एक मामा असतात. ते कुणाचे मामा हे विचारायचं नसतं. आमचे मामा कमरेला हातोडी खोचून जेवायला बसायचे. तोंडात तंबाखू असल्यामुळे त्यांची सगळी वाक्यं चार शब्दांच्या आत संपायची. फ्लॅट उभा करायचा, मागून ब्रेस लावायचा, ब्रेसच्या पायावर वजन ठेवायचं, की झाली बंगल्याची भिंत. तिला हात लावायचा नाही असं सगळ्या नटांना बजावलेलं असायचं. तरी आमचा नायक रागाच्या प्रवेशात दार असं आपटायचा की सगळा बंगला हलायचा आणि भिंतीवरचे पणजोबा फोटोतल्या फोटोत मान डोलवायचे. त्या प्रवेशापुरते मामा भिंतीमागे पाठ टेकून उभे राहायचे. प्रेक्षकांना दिसायचा पुण्यातला तीनमजली बंगला. तो बंगला तंबाखू चघळतोय हे फक्त मला दिसायचं.

आता नाट्यगृहाकडे येतो. गावाचं नाव सांगत नाही. अजून तिथे जाणंयेणं आहे. रविवार. सकाळी बालनाट्य, दुपारी चारला आम्ही, रात्री साडेनऊला लावणीचा कार्यक्रम. कागदावर हे फार सोपं दिसतं. पण बालनाट्य संपलं तरी मुलं घरी जात नाहीत. त्यांना चेटकिणीबरोबर फोटो काढायचा असतो. दोनशे मुलं, एक चेटकीण, आणि तेव्हा रिळाचे कॅमेरे, प्रत्येक बाप म्हणणार, “डोळे मिटले, अजून एक.” दीड वाजला तरी जंगल उभंच. सामान आतबाहेर करायला मागच्या बाजूला एकच दार. त्या दारात त्यांच्या टेम्पोचं तोंड आमच्या टेम्पोच्या तोंडाशी. त्यांचं जंगल बाहेर यायला तयार, आमचा बंगला आत जायला तयार, आणि दोन्ही ड्रायव्हर जेवायला गेलेले.

त्या गडबडीत जंगलातलं एक झाड आत राहिलं. चांगलं दहा फुटी, डोळे आणि नाक असलेलं. चार वाजले, तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, तर आमच्या बंगल्याच्या खिडकीतून ते झाड आत डोकावतंय. काढायचं कसं? मध्यंतरापर्यंत ते तसंच बघत राहिलं. मध्यंतरात एक प्राध्यापक चहाचा कप घेऊन आत आले आणि दिग्दर्शकांना म्हणाले, “वडिलोपार्जित वृक्ष वारसांकडे बघतोय, ही कल्पना फार आवडली.” दिग्दर्शकांनी नम्रपणे मान खाली घातली. मामांनी झाडाला आधीच दोरी बांधली होती, ती हळूच सोडून ठेवली. दुसऱ्या अंकातही झाड राहिलं.

अंधारात सामान हलवण्यासाठी स्टेजवर रेडियमच्या बारीक पट्ट्या चिकटवतात. ब्लॅकआऊट झाला की त्या हिरवट चमकतात, आणि सोफ्याचे पाय नेमके त्यांच्यावर ठेवायचे. व्यवस्था उत्तम. फक्त प्रत्येक नाटकाच्या पट्ट्या त्याच स्टेजवर, आणि आधीच्यांच्या कोणी काढत नाही. त्या नाट्यगृहाच्या रंगमंचावर दिवे गेले की खाली आकाशगंगा दिसायची. एकदा मी सोफा दुसऱ्याच कुठल्या तरी नाटकाच्या खुणांवर ठेवला. त्या नाटकात सोफा दारापाशी असणार, कारण आमचे काका एंट्री घेताना सरळ सोफ्याच्या पाठीवर आदळले. काका मुरलेले नट. कपाळ चोळत म्हणाले, “या घरात बसायची सुद्धा जबरदस्ती आहे.” हशा. पुढच्या प्रयोगापासून त्यांनी मला सोफा तिथेच ठेवायला सांगितला.

हेच सुतळीचं झालं. त्या नाट्यगृहात बायकांच्या मेकअप रूममधल्या बाथरूमला कडी नव्हती. कधी तुटली ते कुणाला आठवत नव्हतं. कडीच्या जागी सुतळी होती. आतून खिळ्याला तीन वेढे घालून गाठ मारायची. तक्रारींचे अर्ज गेले होते. अर्जांच्या उत्तरादाखल सुतळी नवीन आली होती. एका प्रयोगात नायिकेने घाईत निरगाठ मारली आणि ती सुटेना. इकडे स्टेजवर काका म्हणतायत, “ही बघा, आलीच ती!” आणि कोणीच येत नाही. विंगेतून मी दोन्ही हातांनी ‘नाही, नाही’ अशी खूण केली. कपडेपटवाल्या मावशी बाथरूमच्या दाराबाहेर कात्री घेऊन उभ्या आणि फटीतून सूचना देतायत. काकांनी माझ्याकडे पाहिलं, सोफ्यावर बसले आणि नायिकेच्या लहानपणाबद्दल बोलू लागले. ती पहिलीत असताना शाळेत जायला कशी निघायची आणि अर्ध्या वाटेवरून कशी परत यायची. तिची मुंज करायचा हट्ट. चार मिनिटं! सुतळी कापून नायिका आली तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवत होते आणि तिला वाटलं, आपल्या एंट्रीला टाळी पडली.

ते चार मिनिटांचं भाषण नाटकात राहिलं. याला आमच्यात ॲडिशन म्हणतात. शंभराव्या प्रयोगाला लेखक आले, तिथवर ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि मध्यंतरात त्यांनी हळूच विचारलं, “हे मी कधी लिहिलं?”

आमच्या नाटकात नायकाची दुहेरी भूमिका होती, जुळे भाऊ. त्याला कारण होतं. 2002 साली केदार शिंदे यांचं ‘सही रे सही’ आलं, भरत जाधव एका दारातून जाऊन दुसऱ्या दारातून निराळाच होऊन यायला लागले, आणि नंतर कितीतरी निर्मात्यांना आपल्याही नाटकात कोणीतरी धावावं असं वाटू लागलं. तशी ही हौस जुनी. अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये 1962 पासून प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर पाच रूपांत यायचे. प्रेक्षक तोंडात बोट घालून बघतो की इतक्यात कपडे बदलले कधी? एकट्याने थोडेच बदललेत? आमच्याकडे भिंतीमागे तिघं उभे असायचे. एक पँट ओढायला, एक शर्ट चढवायला, आणि मी चष्मा घेऊन. बावीस सेकंद. शर्टाला बटणं वरून नुसती शिवलेली, आत वेल्क्रो. वेल्क्रोचा एकच दोष, तो ‘चर्रर्र’ असा बोलतो. म्हणून त्याच क्षणी स्टेजवर काकूंनी मोठ्याने शिंकायचं असं ठरलं होतं. काकूंनी 143 प्रयोगांत 143 शिंका दिल्या. एका समीक्षणात काकूंच्या ‘सर्दीग्रस्त, तरीही ठसकेबाज’ भूमिकेचं कौतुक होतं. काकूंनी ते कात्रण पर्समध्ये ठेवलं होतं.

एकदा मात्र माझ्याकडून चष्मा उलटा दिला गेला आणि थोरला भाऊ नाकावर दांडी ठेवून कोर्टात जाऊन आला. यापेक्षा जास्त मी सांगणार नाही.

आता मुख्य प्रसंग. त्यासाठी दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, तेव्हा नटांच्या अंगावर माइक नसत. समोर पायमाइक आणि वरून दोन-तीन लोंबते माइक. त्यातला एक माझ्या ट्रंकेच्या बरोब्बर वर यायचा. त्यामुळे उजव्या विंगेत शिंकसुद्धा गिळायची असा नियम होता. दोन, मध्यंतरात सगळ्या मंडळींना नाट्यगृहाच्या कँटीनमधून बटाटेवडा आणि चहा. मराठी रंगभूमीवर संगीत गेलं, पौराणिक गेलं, दर चार वर्षांनी नाटक मरणार अशी परिसंवादात घोषणा होते. मध्यंतरातला वडा टिकून आहे. आम्ही बारा जण. बारा वडे. पण त्या कँटीनमधून नेमके अकरा यायचे. बारावा वाटेत कुठे जायचा हे गूढ होतं. यायचा तो पोऱ्या निरागस चेहऱ्याचा होता, फक्त त्याच्या ओठांच्या कोपऱ्याला कधी कधी कोथिंबीर असायची. आणि बारावा म्हणजे कोण? प्रॉपर्टीवाला. मी सलग पाच रविवार पावाबरोबर चटणी खाल्ली होती.

त्या दिवशी मामांनी ठरवलं की आज सोक्षमोक्ष लावायचा.

पहिल्या अंकाच्या शेवटी आजोबा जातात. डॉक्टर नाडी बघतात, हात खाली ठेवतात. निळा प्रकाश. सगळे वारस पलंगाभोवती. या ठिकाणी दिग्दर्शकांनी पूर्ण दहा सेकंदांची शांतता ठेवली होती. त्या दहा सेकंदांत नाट्यगृहात पंख्याचा आवाज यायचा, इतकी. आणि त्याच वेळी कँटीनचा पोऱ्या ताट घेऊन उजव्या विंगेत आला, कारण मध्यंतर होणार हे त्याला ठाऊक होतं.

मामा ताटावर वाकले. बोटाने मोजलं. मग त्यांच्या मते कुजबुजत, म्हणजे आपण ज्याला बोलणं म्हणतो तशा आवाजात, म्हणाले, “आणि बाराव्याचं काय?”

लोंबत्या माइकने ते उचललं आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून आठशे लोकांना ऐकवलं.

पोऱ्याही काही कमी नव्हता. “बाराव्याचं नंतर बघू,” तो म्हणाला. “आधी अकराचे पैसे काढा.”

एक क्षण काहीच झालं नाही. मग बाल्कनीतून पहिला हशा आला आणि पाण्यासारखा खाली उतरत पहिल्या रांगेपर्यंत पोचला. स्टेजवर धाकट्या सुनेने तोंडाला पदर लावला. प्रेक्षकांना वाटलं रडतेय. वकील पाठमोरे झाले. सगळ्यात वाईट अवस्था आजोबांची. आजोबा मेलेले. डोक्यापर्यंत चादर. आणि ती चादर पोटावर गदागदा हलू लागली. वर प्रकाशाच्या केबिनमध्ये आमचा ऑपरेटर होता, त्याने प्रसंगावधान राखून आजोबांवरचा दिवा मंद करायला घेतला. पण त्या नाट्यगृहाच्या डिमरवर कोणता खटका कुठला दिवा लावतो हे फक्त तिथल्या एका जुन्या कर्मचाऱ्याला ठाऊक होतं आणि तो तेव्हा खाली चहाला गेला होता. त्यामुळे झालं असं की सगळे वारस अंधारात गेले आणि हसणारे आजोबा तेवढे पिवळ्याधमक स्पॉटमध्ये राहिले.

पडदा पडला. मी ट्रंकेमागे लपलो. सूत्रधार धावत आले आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील? “किती वडे आलेत?”

लोक ‘वस्त्रहरण’ बघून म्हणतात, गंगाराम गवाणकरांनी गावच्या नाटकाचा गोंधळ जरा वाढवून लिहिलाय. मला ते वाचताना कुणी तरी आमच्या नाट्यगृहात येऊन टिपणं घेऊन गेल्यासारखं वाटतं.

पुढे मला बँकेत नोकरी लागली. शेवटच्या प्रयोगाला मंडळींनी नारळ आणि कापड दिलं. नारळ ट्रंकेतलाच होता. दर प्रयोगाआधी नटराजापुढे फोडायला आम्ही एक जास्तीचा ठेवायचो, तो मीच गेल्या शनिवारी मंडईतून आणला होता. पावती माझ्या खिशात होती.

वर्षाने नाटक पुन्हा त्याच नाट्यगृहात आलं. या वेळी मी तिकीट काढलं. मधली रांग, मधली खुर्ची. शेजारी एक काकू, मांडीवर पर्स, पर्समध्ये रुमाल तयार. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पूर्ण सोफा दिसला. दारापाशीच होता. त्यावर आदळून काका म्हणाले, या घरात बसायची सुद्धा जबरदस्ती आहे. मी सोडून सगळे हसले. मी त्या वेळी सोफ्याचे पाय पट्ट्यांवर आहेत का ते बघत होतो. नायकाने दार आपटलं तेव्हा मी भिंतीकडे बघून मामांची उंची ताडली. स्टेजवरच्या काकू शिंकल्या तेव्हा मी घड्याळ लावलं. एकोणीस सेकंद. माझ्या जागी आलेला मुलगा चांगला होता, हे जरा लागलं.

मग आजोबा गेले. निळा प्रकाश. दहा सेकंदांची शांतता. पंख्याचा आवाज. शेजारच्या काकूंनी रुमाल डोळ्यांना लावला. मी कान टवकारले. स्पीकरमधून काही आलं नाही, आणि नेमकं ते आलं नाही म्हणून मला असं हसू फुटलं की पुढची रांग वळून बघायला लागली.

“काय माणसं असतात,” काकू त्यांच्या यजमानांना म्हणाल्या. “तिकडे म्हातारा गेला, आणि हा दात काढतोय.”

मध्यंतरात मी मागच्या दाराने आत गेलो. त्या दाराला कोणी अडवत नाही, फक्त समोरून येणाऱ्यांनाच पास लागतो. उजव्या विंगेत माझ्या ट्रंकेवर मामा बसले होते. ताट शेजारी. नव्या मुलाच्या हातात वडा होता.

“बारा येतात आता?” मी विचारलं.

मामांनी तंबाखू गालात सरकवला. “तेरा सांगतो.”

वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला एक वडा त्यांनी माझ्यापुढे केला आणि ट्रंकेवर जरा सरकून जागा दिली. बाहेर घंटा झाली. जाऊन आपल्या खुर्चीत बसायला वेळ होता. पण वडा गरम होता, आणि त्या काकूंच्या शेजारी वडा घेऊन जायची माझी हिंमत नव्हती.

दुसरा अंक मी ट्रंकेवरच बसून ऐकला. नायिका छान रडली असावी. कान लाल झाला होता.